भिंतीवरची केसर

आमच्या किल्ल्यात लग्नाची पत्रिका घराच्या भिंतीवर रंगवतात. दाराशेजारी चुन्याचा पांढरा चौकोन, त्यात गणपती, दोन्ही बाजूंना रिद्धी-सिद्धी, खाली मुलाचं नाव, मुलीचं नाव, तिथी आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत मुलाच्या आईबापांची नावं. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायचं आणि जेवायला यायचं. लग्न आटोपलं म्हणून कोणी ते पुसत नाही. त्या घरात पुढचं लग्न होईपर्यंत ते तसंच ऊन खात राहतं आणि बाहेरगावचे पाहुणे 'पधारो' वाचून थेट कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरतात.

मी जैसलमेरला मुलींच्या शाळेत शिकवायला आले ती नाशिकहून. दोन वर्षं काढायची आणि बदली मागायची असा बेत होता. आता इथेच बसून पेन्शन खाते आहे. किल्ल्यात खोली मिळाली ती केसर काकीसांच्या समोरची, त्यामुळे सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन त्यांच्या भिंतीचं. 'चि. मूलचंद संग सौ. केसर.' मास्तरणीला दिसेल ते वाचायची खोड असते. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "केसर. छान नाव आहे हो तुमचं."

"छान आहे ना?" त्या पापड लाटता लाटता म्हणाल्या. "पण माझं नाही."

मग मला ओट्यावर बसवून, हातात ताकाचा पेला देऊन त्यांनी सगळी हकिगत सांगितली. पुढे ती मी इतक्या वेळा ऐकली की कुठे थांबून त्या पेला भरणार हेही मला पाठ झालं.

माहेर फलोदीचं. तीन मुलींवर ही चौथी. चौथीही मुलगीच म्हटल्यावर आजीने सुईणीच्या हातून तिला घेतलंसुद्धा नाही. म्हणाली, "धापलो आम्ही." इकडच्या बोलीत धापणं म्हणजे पोट भरणं. आपल्याकडे चढ चढला की धाप लागते, इथे लाडू खाल्ले की माणूस धापतो. पण मुलीचं नाव धापू ठेवलं की त्याचा अर्थ एकच होतो: देवा, मुली पुरे. देवाने ऐकलं. दोन वर्षांत पाठीवर भाऊ झाला. त्याचं नाव ठेवलं हरखचंद. हरख म्हणजे आनंद. म्हणजे त्या घरात 'पुरे' आणि 'आनंद' एका ताटात जेवायचे.

ऐकून माझं डोकंच फिरलं. मी आजीला, आईला, सगळ्या फलोदी गावाला नावं ठेवली. काकीसा हसत होत्या.

"रागावताय कशाला, बहनजी? नाव लागू पडलं ना. आमच्या गल्लीत आणखी दोघी धापू होत्या, त्यांच्या पाठीवर मुलींची रांग लागली. माझंच काय ते खरं ठरलं."

आता भिंतीची गोष्ट. लग्न ठरलं तेव्हा सासरी मुलीचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. सगळे 'फलोदीवाली' म्हणायचे. नाव फलोदीच्या न्हाव्याला माहीत होतं, कारण निरोपांची ये-जा त्याच्याकडे. त्याने ते आसूराम चिताऱ्याच्या कानावर घातलं. आसूराम तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता, बापाच्या हाताखालून नुकताच सुटा झालेला. त्याने गणपती असा काढला की सासरे घटकाभर बघत राहिले. आणि नाव लिहिलं केसर. घरच्यांनी वाचलं, म्हणाले, असेल केसर.

नवरी हनुवटीपर्यंत पदर ओढून किल्ल्याच्या चारही प्रोळी, म्हणजे वेशीचे दरवाजे, ओलांडून वर आली. दारात नणंदेने ओवाळायला तबक उचललं आणि कौतुकाने भिंत वाचून दाखवली, "मूलचंद संग केसर. या, केसर भाभी."

नवरी उंबऱ्याबाहेरच थबकली. पदराआडून ती नणंदेला हळूच म्हणाली, "बाईसा, तुम्ही चुकून भलतीलाच घेऊन आलात. मी केसर नाही. मला परत पाठवा. जिची वाट बघताय ती फलोदीतच बसली असेल."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नवरीला रडू फुटलं. शेवटी सासूबाई बाहेर आल्या. त्या कडक होत्या, त्यांचं दर्शन मलाही घडलं आहे. त्यांनी न्हाव्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि निकाल दिला.

"गणपतीच्या पायाशी लिहिलेलं मध्येच पुसायचं नाही. भिंत बदलायला घरात पुढचं लग्न लागतं. नाव बदलायला काय लागतं? आजपासून तू केसर. आत ये, चुलीवर दूध आहे."

नवरदेवाने लग्नात भटजींच्या तोंडून धापू ऐकलं होतं आणि घरी येऊन केसर वाचलं होतं, तरी मूग गिळून उभा होता. मूलचंद काका हे असेच. खाली बाजारात त्यांचं घोटुवा लाडवांचं दुकान, आणि दिवसभरात जेवढे लाडू वळतील तेवढेही शब्द ते बोलत नाहीत. बायकोने पुढे कधीतरी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "मला वाटलं, दोन्ही असतील. चांगल्या घरच्या मुलींना असतात."

त्या रात्री नवरीने ते नाव मनातल्या मनात चारदा म्हणून पाहिलं. मला सांगताना काकीसांच्या चेहऱ्यावर आजही तेच येतं. म्हणायच्या, "बहनजी, मला ते आवडलं हो. त्या नावाला कोणी कंटाळलेलं नव्हतं."

महिन्याभराने भाऊ न्यायला आला, तो शाळकरी हरखू. दारात उभा राहून त्याने भिंत वाचली आणि आत येऊन सासूबाईंना विचारलं, "ही केसर कोण? माझी जीजी कुठे आहे?" समजूत घातली तरी त्याचं तोंड उतरलेलंच. पुढेही तो राखीला, दिवाळीला यायचा, जेवायचा, भाच्यांना खांद्यावर घेऊन हवा प्रोळपर्यंत फिरवायचा, पण ओट्यावर बसायचं झालं की भिंतीकडे पाठ करून बसायचा. केस पांढरे झाले तरी त्याची पाठ काही वळली नाही.

बाकी काकीसांचं आयुष्य किल्ल्यातल्या कोणाही बाईसारखंच गेलं. सुरुवातीची वर्षं गडीसर तलावावरून डोईवर घागरी आणण्यात गेली. मग नळ आले. नळ आल्यावर सगळ्यांनी पाणी मोकळ्या हाताने सांडायला सुरुवात केली आणि किल्ल्याचा पायाच ओला होऊन बुरूज खचायला लागले, तेव्हा काकीसा सगळ्या पाड्यावर, म्हणजे आमच्या आळीवर, तोंड टाकायच्या. "शत्रूला आठ शतकांत जे जमलं नाही ते तुमच्या बादल्या करतील." तटावर शत्रूच्या डोक्यात लोटायला ठेवलेले गोल धोंडे अजून रांगेने आहेत. त्या धोंड्यांच्या मधल्या जागेत काकीसा सांगरीच्या शेंगा आणि पापड वाळत घालतात. कोणी हटकलं तर म्हणतात, "शत्रू येताना दिसला की उचलीन."

किल्ल्याच्या इतिहासातलं एकच प्रकरण त्यांनी मनाला लावून घेतलं होतं, ते अर्ध्या साक्याचं. इथे साके अडीच मोजतात. दोन वेळा बायकांनी जोहार केला, पुरुष केसरिया नेसून मरायला उतरले. तिसऱ्या वेळी दगा झाला. मेण्यांतून जनाना येतोय म्हणून दार उघडलं, तर आतून हत्यारबंद माणसं निघाली. चिता रचायलाही उसंत नव्हती, म्हणून आपल्याच माणसांनी बायकांवर तलवार चालवली. आणि त्यानंतर थोड्याच वेळात मदत आली आणि लढाई जिंकली. म्हणून तो अर्धा. बाकीचे लोक हे सांगताना छाती फुगवतात. काकीसांचे डोळे मात्र भरून यायचे. "थोडं थांबले असते तर सगळ्या जगल्या असत्या हो. घाईने घात केला." म्हणूनच की काय, त्यांच्या घरात कोणी कसलीही घाई केली की त्या म्हणायच्या, "थांब, अर्धा साका करू नकोस."

दोन मुली झाल्या, मग नवरतन. मुलींची लग्नं झाली, पण भिंत तशीच राहिली. का, तर आमच्या पाड्यात मुलाच्या लग्नाचंच रंगवतात. यावरून मी भांडून पाहिलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि कोणी काही केलं नाही. नवरतनचं लग्न काही केल्या जमेना. पोरगा चांगला, दुकान चालतं, पण मुलीकडचे किल्ल्याचा चढ बघायचे, दारापर्यंत गाडी येत नाही हे बघायचे आणि घोटुवा खाऊन निघून जायचे. तिशी उलटून गेल्यावर पोकरणची मंजुला 'हो' म्हणाली. काकीसांनी लक्ष्मीनाथजींच्या देवळात जाऊन प्रसाद वाटला. आता भिंत पांढरी होणार होती.

लग्नाआधी बहिणीने गूळ घेऊन भावाला मायऱ्याचं निमंत्रण द्यायला जायचं असतं. मग भाऊ लग्नात चुनडी, कपडे, गोडधोड घेऊन वाजतगाजत बहिणीच्या दारी येतो आणि तिला चुनडी पांघरतो. भाऊ असून मायरा आला नाही तर नवऱ्या मुलाची आई मांडवात मान वर करू शकत नाही. काकीसांबरोबर बसने फलोदीला मी गेले होते.

हरखचंदांनी गूळ डोक्याला लावला. सगळ्यांना जेवू घातलं. मग हात धुऊन समोर बसले आणि म्हणाले, "मायरा घेऊन येईन. ढोल लावून येईन. पण धापूच्या दारी येईन. भिंत नवी होतेय ना? खाली मुलाच्या आईचं नाव लागतं. तिथे धापू लाव. केसर नावाची बहीण मला आईने दिलेली नाही."

"हरखू, सगळा किल्ला मला केसर म्हणतो."

"म्हणू दे."

"नव्या सुनेला दारातच 'पुरे' वाचायला लावू? लोक हसतील."

"हसू दे. इतकी वर्षं मी तोंड फिरवून बसलो, कोणी विचारलं का?" त्यांनी गुळाचा खडा हातात घेतला. "तुझ्या नावाने मी झालो असं आई सांगायची. मरेपर्यंत सांगायची. ते नाव तू टाकलंस, तर मी कोणाच्या पाठचा?"

बसमध्ये पोकरण येईपर्यंत काकीसा खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्याचं खोटं नाही हो. पण मला धापू म्हटलं की अजून आजीचा हात दिसतो. मागे घेतलेला."

बातमी आमच्या आधी किल्ल्यावर पोचली होती. पाड्यातला जो तो सल्ला द्यायला हजर. शेजारच्या जमना बुआसा म्हणाल्या, "लिहून टाक धापू. मायरा झाला की चुना फास." काकीसांनी कानाला हात लावले. नवरतन म्हणाला, "मामांना मी समजावतो." बहीण-भावाच्या हिशेबात पडू नकोस म्हणून त्याला गप्प बसवण्यात आलं. मूलचंद काकांना विचारलं तर ते विचारात पडले आणि म्हणाले, "मी तर तुला 'ऐकतेस का' म्हणतो. तेच लिहा."

मी माझी अक्कल पाजळली. "केसर उर्फ धापू लिहा. दोघांचंही राहील."

"उर्फ चोरांना असतं, बहनजी. पोलीस लावतात."

"मग ठरवा तरी. आसूराम परवा रंगवायला येणार."

"घाई करू नका," त्या म्हणाल्या. "अर्धा साका करायचा नाही मला."

पण त्यांची झोप उडाली होती. पहाटे दळण नसताना त्या जात्यापाशी बसलेल्या दिसायच्या. एकीकडे भाऊ जाणार होता, दुसरीकडे ज्या नावाने आयुष्य काढलं ते. मला त्या हरखचंदांचा राग येत होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि मधल्या मधे मी दोनदा भाजी करपवली.

आसूराम आले. आता म्हातारे झालेले, जाड भिंगाचा चष्मा, पण दुसऱ्या कोणाला ब्रशला हात लावू देत नाहीत. आदल्या दिवशी त्यांनीच भिंतीला चुना दिला होता. तेव्हा काकीसा ओट्यावर उभ्या होत्या. कुंचला पहिल्यांदा मूलचंदवरून फिरला, मग केसरवरून. ओल्या चुन्यातून अक्षरं थोडा वेळ दिसत राहिली, मग वाळताना गेली. त्या आत निघून गेल्या.

गणपती झाला, रिद्धी-सिद्धी झाल्या. 'चि. नवरतन संग सौ. कां. मंजुला' झालं, तिथी झाली. दुपारपर्यंत खाली 'पिता मूलचंद'ही झालं. आसूरामांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि हाक मारली, "काकीसा, आता बोला. काय लिहू?"

काकीसा चहा घेऊन बाहेर आल्या. "तूच सांग. सगळा घोळ तुझा. तेव्हा त्या न्हाव्याचं नीट ऐकलं असतंस तर आज ही वेळ आली नसती. बिचारा मरेपर्यंत बोलणी खात राहिला."

आसूरामांनी चहा घेतला. बशीत ओतला, फुंकला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "न्हावी नीटच बोलला होता."

"म्हणजे?"

"धापूच म्हणाला होता. दोनदा म्हणाला. मी ध पण काढायला घेतला होता." त्यांनी बशी खाली ठेवली. "हात चालेना. नवी नवरी येतेय, आणि मी दारावर 'पुरे' लिहू? पुरे कसं? अजून सगळं सुरूच व्हायचं होतं. वाटीत केशरी रंग होता, म्हणून केसर लिहिलं. वाटलं, ओरडतील आणि बदलायला लावतील. कोणी काही बोललंच नाही."

मी काकीसांकडे बघत होते. वाटलं, आता चहाची किटली उडणार. तुझ्या माहेरची माणसं शब्द गिळतात, न्हाव्याने नावही नीट सांगितलं नाही, म्हणून सासूबाईंनी त्यांना जन्मभर टोमणे मारले होते. त्यांनी आसूरामांना एक सणसणीत शिवी हासडली, ती मी इथे लिहीत नाही. मग त्या ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. बराच वेळ दोन्ही चाललं होतं.

"आसू," शेवटी त्या म्हणाल्या, "तेव्हा सुरू व्हायचं होतं म्हणून लिहिलं नाहीस."

"हो."

"आता बघ. हे चाळीस वर्षं लाडू वळतायत आणि माझ्यावर कधी हात उगारला नाही. दोघी पोरी आपापल्या घरी सुखात आहेत. परवा सून येतेय. तुझ्या केसरने काही कमी पडू दिलं नाही मला. अजून काय मागू? धापले मी." त्यांनी बोटाने जागा दाखवली. "आता लिही. मोठं लिही, हरखूला चष्मा लागलाय."

आसूरामांनी लिहिलं. 'धापू'चा उकार असा काही वळला की बघत राहावं. वाटीत या खेपेलाही केशरीच रंग होता.

फलोदीला कोणी कळवलं नाही. नवरतन फोन करायला निघाला होता, काकीसांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "येऊ दे त्याला. नाही आला तरी लिहायचं होतं ते लिहिलंय. त्याच्यासाठी लिहिलेलं नाही." असं म्हणाल्या खऱ्या, पण मायऱ्याच्या दिवशी सकाळपासून त्या दर थोड्या वेळाने प्रोळीच्या बाजूला कान देत होत्या. दुपार झाली. बायका गाणी म्हणून दमल्या. जमना बुआसांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "फलोदीची बस बंद आहे का?"

मग चढावरून ढोल ऐकू आला.

पुढे ढोलवाला, मागे डोक्यावर परड्या घेतलेल्या बायका, भाचे, पुतणे, आणि मध्ये हरखचंद. साफा तिरका झालेला, चढाने दम लागलेला, नजर पायांपाशी. दारासमोर येऊन ते थांबले. काकीसा ओवाळायला पुढे झाल्या. हरखचंदांनी मान वर केलीच नाही. आयुष्यात कधी न बोललेलं बोलायला निघालेला माणूस जसा एका दमात बोलून टाकतो, तसे सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "केसर जीजी, तुझा भाऊ मायरा घेऊन आलाय."

बायकांचं गाणं मध्येच थांबलं. मला वाटतं, एवढं म्हणायला त्यांनी फलोदीपासून घोकलं असणार.

काकीसांनी तबक खाली घेतलं. त्या म्हणाल्या, "या घरात केसर राहत नाही, हरखू. पत्ता वाच."

हरखचंदांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भिंतीकडे तोंड केलं. गणपतीपासून सावकाश खाली वाचत आले. मुलगा, सून, तिथी, पिता. मग धापू. ते तिथेच पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मागे परड्या घेतलेल्या बायका उन्हात खोळंबल्या. ढोलवाल्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून तो वाजवतच होता.

काकीसांनी तबक माझ्या हातात दिलं. पायरीवर त्याच्या शेजारी बसल्या, सर्वांत वरच्या परडीतून नवी चुनडी ओढली, आणि त्याने ती त्यांना पांघरायच्या आधीच तिच्या पदराने त्याचं तोंड पुसलं.